आण्णांचा उघडा राहिलेला कॉम्प्युटर

आण्णांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, माझं शेवटचं धड बोलणं झालं ते त्यांच्या कॉम्प्युटरच्या आवाजाबद्दल. मी सांगलीत कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा खात होते आणि साताऱ्याहून त्यांचा फोन आला.

"पोरी, हे यंत्र आज सुरूच हुईना. पडद्यावर काय न्हाई. नुसतं वरडतंय."

"कसं ओरडतंय?"

त्यांनी तोंडानं तो आवाज काढून दाखवला. एक लांब पीऽऽप, मग थोडं थांबून पुन्हा तसाच. इतका मोठ्यानं, की समोर बसलेल्या मॅडम जेवायच्या थांबून माझ्याकडे बघायला लागल्या.

"आतली रॅमची पट्टी हलली असेल," मी म्हणाले. "काढून खोडरबरानं पुसा आणि परत बसवा. आधी वायर काढा मात्र."

"वायर काढाय मला सांगतीस व्हय? बरं, जेव तू. बघतो मी."

त्यांना खरंच सांगायची गरज नव्हती. आण्णा सैन्यात हवालदार होते, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. मूळचे माणमधल्या एका कोरड्या गावचे; रिटायर झाल्यावर साताऱ्यात लहानसं घर बांधून राहिले. तो कॉम्प्युटर माझ्या शिक्षणासाठी घेतलेला, जाड पाठीच्या मॉनिटरचा, पांढऱ्या कॅबिनेटचा. कॅबिनेट नंतर पिवळं पडलं. मी लग्न होऊन सांगलीला आले आणि तो आपोआप त्यांचा झाला. त्यांनी तो जीपचं इंजिन उघडावं तसा उघडला होता, किती वेळा कोण जाणे. पंख्यातली धूळ रंगाच्या ब्रशनं काढायचे. काढलेले स्क्रू डब्याच्या झाकणात ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं गोल मांडून ठेवायचे. मला ते एकच शिकवायचे. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आन् मग बघायचं. दोन एकदम बदलल्या की बरं कशानं झालं तेच कळत न्हाई."

आणि त्यावर ते करायचे काय, तर पत्ते खेळायचे. एकट्यानं खेळायचा तो पत्त्यांचा डाव. दुपारचं जेवण झालं की कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन बसायचे आणि तासन् तास पत्त्यांशी बोलायचे. "ये की गं राणी, कुठं दडून बसलीस? सत्त्या, तू सरक बाजूला. आता कशी जिरली?" आई भांडी घासता घासता बाहेरून म्हणायची, "ह्यांचा दरबार भरला." आण्णांना बोलायला माणूस लागायचा, आणि माणूस नसला तर पत्ते चालायचे.

फोन झाला त्याच दुपारी आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. तिला स्टूल पडल्याचा आवाज आला. ती गेली तर आण्णा जमिनीवर होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात आपला नसल्यासारखा पाठीखाली अडकलेला. टेबलावर कॉम्प्युटर उघडा. शेजारच्यांनी आपल्या गाडीतून त्यांना साताऱ्यातल्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून मिरजेला हलवायचं ठरलं, कारण तिथं मी जवळ होते. मी मिरजेच्या दवाखान्याच्या फाटकात उभी राहून वाट बघत होते. ॲम्ब्युलन्सचं दार उघडलं तेव्हा आण्णांनी माझ्याकडे बघितलं. ओळख होती डोळ्यांत. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि नुसता घशातला आवाज आला.

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला, पाय थोडा सुधारला, हात गेला. आणि भाषा गेली. बरेच दिवस काहीच नव्हतं, मग एका सकाळी सिस्टर उशी नीट करत असताना आण्णा स्पष्ट म्हणाले, "चला."

आम्ही सगळे केवढे खूश झालो! आईनं तर त्यांच्यावरून हात उतरवून कानशिलावर बोटं मोडली. आम्हाला वाटलं, घरी जायचंय म्हणतायत. मग पाणी हवं होतं तेव्हाही ते "चला" म्हणाले. पाय दुखला तेव्हाही "चला." मला बघून "चला", मी निघाले की "चला." तो एकच शब्द राहिला होता, आणि बाकीचं सगळं त्याच्यातूनच बाहेर काढायचं होतं.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक ताई यायच्या. त्या चित्रं दाखवायच्या, तांब्या, चप्पल, कुत्रा. मी त्यांना बाहेर गाठून विचारलं, "त्यांच्या डोक्यात शब्द असतात का? फक्त बाहेर येत नाहीत, असं आहे का?"

"काही असतील, काही नसतील," त्या म्हणाल्या. "वाचताही येत नाहीय त्यांना सध्या. आणि त्यांनी मान हलवली म्हणजे हो, असं धरू नका. हो आणि नाही यांचाही गोंधळ होतो."

साताऱ्याला घरी नेल्यावर आईनं कोपऱ्यातल्या त्या खोलीचं दार लावून घेतलं. कॉम्प्युटर उघडाच होता, त्यावर तिनं जुनी चादर टाकली. झाकणात मांडलेले स्क्रू केर काढताना एका वाटीत गोळा केले. तिच्या मनात पक्कं बसलं होतं, की त्या यंत्रानं आण्णांना झटका दिला. डॉक्टरांनी दोनदा समजावलं, की हा विजेचा झटका नव्हे, हे रक्तदाबाचं काम आहे, गोळ्या वेळेवर न घेतल्याचं. तिनं मान हलवली आणि मनातलं मनातच ठेवलं. एकदा फक्त भाकरी थापता थापता माझ्याकडे न बघता म्हणाली, "तूच सांगितलंस न्हवं, उघडा म्हणून."

  ती भाकरी तव्यावर टाकून पाणी फिरवत राहिली.

आण्णा मात्र रोज जेवण झालं की काठी घेऊन उठायचे, पाय ओढत त्या बंद दाराशी जायचे आणि उभे राहायचे. "चला." आई त्यांना दंडाला धरून परत पलंगावर आणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फोनवर आई मला सांगायची, "आजबी जाऊन हुबं ऱ्हायलं हुतं दाराशी. काय करू मी?"

दिवाळीच्या सुट्टीत मी साताऱ्याला गेले. चहा व्हायच्या आत आण्णांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. त्या हाताची पकड अजून वर्कशॉपमधल्यासारखीच होती. त्यांनी मला त्या दाराशी नेलं.

"त्येला हात लावायचा न्हाई," आई मागून म्हणाली.

"चला!" आण्णा ओरडले. आजारी पडल्यापासून ते पहिल्यांदाच ओरडत होते.  आई चहाची गाळणी हातात धरून बघत राहिली, मग म्हणाली, "करा काय करायचं ते," आणि आत गेली.

मी दार उघडलं, खिडकी उघडली, चादर काढली. आण्णांना खुर्ची दिली. ते बसले, उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघायला लागले.

मी आधी वायरी तपासल्या. बटण दाबलं. पंखा घरघरला, दिवा लागला, आणि तोच लांब आवाज आला, त्यांनी फोनवर काढून दाखवलेला. तो ऐकून आण्णांनी जोरजोरात मान हलवली. मी बंद करून वायर काढली आणि टॉर्च घेऊन आत बघितलं. रॅमची जागा रिकामी होती. पट्टीला धरून ठेवणारे दोन्ही पांढरे चाप उघडे, बाजूला झुकलेले. म्हणजे त्यांनी पट्टी काढली होती, आणि परत बसवायच्या आतच ते पडले होते.

"आण्णा, रॅम कुठंय? टेबलावर ठेवली होती?"

त्यांनी मान हलवली. मी टेबल शोधलं. काही नाही.

"ड्रॉवरमध्ये?"

पुन्हा मान हलवली, तशीच. मी ड्रॉवर रिकामा केला. जुनी बॅटरी, सीडी, खोडरबर, पेचकस. पलंगाखाली हात घालून बघितलं. आईला विचारलं, केर काढताना हिरवी पट्टी दिसली होती का, पेनाएवढी लांब. ती दारातूनच म्हणाली, "मी फकस्त स्क्रू उचललं. दुसरं काय न्हवतं."

मी परत आण्णांकडे वळले तर ते डाव्या हातानं छातीवर थापट्या मारत होते. चेहरा लाल झालेला, कपाळावर घाम. "चला, चला, चला."

"आवं, काय हुतंय?" आई धावत आली. "छातीत दुखतंय का? पोरी, छातीत दुखतंय त्यांच्या! गोळी आण ती जिभेखालची!"

 मी गोळी शोधायला धावले, आई त्यांची छाती चोळायला लागली. त्यांनी तिचा हात झटकला. मी रक्तदाबाचं यंत्र आणून त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळायला लागले तर तोही ढकलला, आणि पुन्हा छातीवर थापट्या, अधिक जोरात. आई रडायला लागली होती. मी शेजारच्यांना गाडी काढायला सांगायला उठले तेवढ्यात आण्णांनी अंगातल्या शर्टाचा खिसा मुठीत पकडला आणि असा खेचला की शिवण उसवली. मग तो उसवलेला रिकामा खिसा बोटानं ताणून माझ्यापुढे धरला.

"खिशात?" मी म्हणाले. "आण्णा, खिशात ठेवली होती?"

ते खुर्चीत मागं टेकले. डोळे मिटले. श्वास जोरजोरात चालला होता, पण दुखत नव्हतं काहीच.

त्या दिवशी अंगावर होता तो शर्ट कुठं होता ते आईला माहीत होतं. दवाखान्यातून मिळालेली कपड्यांची पिशवी तिनं गाठ न सोडता कपाटावर टाकून दिली होती. मी स्टूल घ्यायला लागले तर म्हणाली, "नगं. मी काढते." तिनं ती पिशवी खाली घेतली, जमिनीवर बसली आणि गाठ सोडली. आतून कुबट वास आला. निळ्या चौकटीचा शर्ट होता. दवाखान्यात घाईघाईत तो कात्रीनं पुढून आणि बाहीवरून कापला होता, त्याचे दोन तुकडे झाले होते. आईला हे माहीत नव्हतं. ती ते तुकडे एकमेकांना जोडून बघत राहिली, जणू शिवता आले तर बघावं.

खिशात रुमाल होता, नीट घडी घातलेला. घडीत रॅमची पट्टी. सोन्यासारखे तिचे दात खोडरबरानं घासून लखलखीत केलेले होते. काम त्यांनी पूर्ण केलं होतं. फक्त बसवायची राहिली होती.

मी पट्टी आण्णांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली, खाच कुठल्या बाजूला आहे ते बोटानं चाचपलं आणि बरोबर त्या बाजूनं धरून मला परत दिली. मी बसवली. दोन्ही चाप खट् खट् करून बसले. बटण दाबलं. या वेळी एकच छोटा आवाज आला आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

पण तेवढ्यानं भागलं नाही. आतली बॅटरी संपली होती, तारीख कुठल्या कुठं मागं गेलेली. ती दुरुस्त केली तर पुढं पडद्यावरची निळी रेघ थोडी सरकायची आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. पुन्हा तेवढंच जायचं, पुन्हा बंद. मी सुरू होतानाच कीबोर्डवरचं बटण दाबून सेफ मोडमध्ये, म्हणजे जेमतेम चालण्यापुरत्या अवस्थेत, नेलं. काळा पडदा, चार कोपऱ्यांत शब्द, मोठी मोठी ओबडधोबड चित्रं. तिथून हार्डडिस्क तपासायला लावली. सगळी दुपार ती कुरकुरत राहिली. आण्णा जेवायलाही उठले नाहीत. आईनं भात कालवून तिथंच भरवला. मी एका वेळी एकच गोष्ट बदलत होते आणि प्रत्येक वेळी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनाही कळत असावं. निदान मला तसं वाटत होतं.

संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला तो नेहमीसारखा सुरू झाला. पडद्यावर आण्णांनी लावलेलं चित्र आलं, आमच्या गावच्या माळावर मेंढरं चरताना. आण्णा हसले. वाकड्या तोंडानं हसले, पण आजारी पडल्यापासूनचं ते पहिलं हसणं होतं. आईसुद्धा दाराशी येऊन उभी राहिली. मीच पत्त्यांचा डाव उघडून दिला आणि माऊस उचलून डाव्या बाजूला ठेवला.

त्यांनी माऊसवर हात ठेवला. बाण पडद्यावर भरकटत गेला, मग हळूहळू एका लाल पंजीवर येऊन थांबला. त्यांनी ती उचलली आणि लाल छक्कीवर नेऊन सोडली. लालवर लाल चालत नाही. पंजी सरकन आपल्या जागी परत गेली.

हात सवयीचा नाही म्हणून चुकलं असेल, असं मला वाटलं. त्यांनी पुन्हा तीच उचलली, पुन्हा तिथंच ठेवली. ती पुन्हा परत गेली. मग राजा उचलून दुर्रीवर नेला. तो परत. मग गुलाम. तो परत. प्रत्येक पत्ता परत जात होता. आण्णा एकही शब्द बोलत नव्हते, त्यांचा तो एक शब्दसुद्धा. ते पडद्याच्या जवळ, आणखी जवळ वाकत गेले. त्या खोलीत पत्ते खेळताना ते गप्प आहेत असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"आवं, काळ्यावर लाल ठेवायचं असतं न्हवं का?" आई हळूच म्हणाली. इतक्या वर्षांत ती एकदाही खेळली नव्हती, पण येता-जाता बघून तिला माहीत होतं. ती पुढं आली आणि आण्णांच्या हातावर हात ठेवून माऊस सरकवायला लागली. "ह्यो हिकडं..."

आण्णांनी तिच्याकडे बघितलं. ती नजर मी विसरू शकत नाही. राग नव्हता त्या नजरेत. आपलं काय झालंय हे त्यांना त्या क्षणी पूर्ण समजलं होतं, आणि ते आईलाही समजलंय हे दिसलं होतं. त्यांनी हात काढून घेतला. काठी चाचपली, उठले आणि पाय ओढत आपल्या पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

मी माझ्या मनाची समजूत घातली, की सवयीनं जमेल. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी यंत्र सुरू करून ठेवलं आणि हाक मारली. ते उठले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. इतके दिवस ते रोज त्या बंद दाराशी जाऊन उभे राहायचे, ते आता उघड्या दारावरून न बघता मोरीकडे जायचे. यंत्र बिघडलेलं होतं तोवर त्यांना वाटत असणार, की एकदा ते सुरू झालं की खेळता येईल. आता ते सुरू झालं होतं.

सुट्टी संपून मी सांगलीला परतले. व्यायामाच्या ताईंनी साताऱ्यातले एक जण बघून दिले होते, ते घरी यायचे, तांब्या, चप्पल दाखवायचे. आण्णा तोंड मिटून घ्यायचे. आई फोनवर म्हणाली, "आता त्ये 'चला'बी म्हनत न्हाईत गं. बोट दावत्यात नुसतं." मग बोट दाखवणंही कमी झालं. आई वेळेवर जेवण द्यायची, वेळेवर गोळ्या द्यायची. ते सगळं निमूट घ्यायचे. पूर्वी गोळ्यांवरून किती वाद घालायचे!

उन्हाळा सुरू होता होता त्यांना दुसरा झटका आला आणि साताऱ्यातच, मी पोहोचायच्या आत, ते गेले. गावाकडं नेऊन सगळं केलं. माळावर वारा होता आणि सावलीला एक झाड नव्हतं. मुंबईला कामाला असलेले भाऊबंद आले, सैन्यातले एक-दोन जुने दोस्त आले.

दहाव्याच्या दिवशी पारावर माणसं बसली होती, मी चहा देत होते. आण्णांचे एक चुलतभाऊ, वर्षानुवर्षं न भेटलेले, सगळ्यांना सांगत होते, "लय बोलायचा गड्या. सुट्टीवर आला की आख्खी आळी गोळा व्हायची. बैलाशीबी बोलायचा." लोक हसले. मग ते आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, शेवट शेवट वाचा गेलीवती म्हनं त्याची. मग कसं वं, तुमास्नी काय कळायचं त्याचं?"

आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"समदं कळायचं," ती म्हणाली. "समदं कळायचं मला."

मी पुढच्या माणसासमोर कप ठेवला आणि किटलीत अजून चहा आहे का ते बघितलं.